स्कॉटलंडला वेगळं व्हायचंय, पण पगार कोणत्या नोटांत घ्यायचा?

ज्यांना एपिसोड ऐकण्यापेक्षा वाचणं सोयीचं पडतं, किंवा जे आज हेडफोन घरी विसरलेत, त्यांच्यासाठी नेहमीप्रमाणे हा लेखी भाग. बोलताना मी जितक्या वेळा "म्हणजे कसंय ना" म्हणालो, ते सगळं काढून टाकलंय. बाकी मजकूर तोच.

२०२३ मधलं ते मीम आठवतंय? ब्रिटनचे पंतप्रधान ऋषी सुनक, मूळ भारतीय घराण्यातले. स्कॉटलंडचे फर्स्ट मिनिस्टर, म्हणजे आपल्या भाषेत मुख्यमंत्रीच म्हणा, हमझा युसफ, मूळ पाकिस्तानी घराण्यातले. एक म्हणतोय आम्हाला वेगळं व्हायचंय, दुसरा म्हणतोय नाही होऊ देणार. आणि फाळणी कोणाची, तर ब्रिटनची! घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर काकांपासून आत्तेभावापर्यंत सगळ्यांनी ते फॉरवर्ड केलं होतं.

हसून झाल्यावर मात्र मला प्रश्न पडला. हा सुखवस्तू देश. २०१४ मध्ये शांतपणे मतदान झालं, निकाल लागला, सगळ्यांनी मान्य केला. तरी हा विषय संपत का नाही? आपल्यापैकी बहुतेकांना स्कॉटलंड माहीत आहे ते 'ब्रेव्हहार्ट'मुळे, त्यामुळे डोक्यात चित्र असतं ते तोंडाला निळा रंग फासून ओरडणाऱ्या माणसांचं. अस्मिता आहेच, नाकारत नाही. पण वाचत गेलो तसं माझं मत असं झालं की हे भांडण अडलंय ते एका अगदी रुक्ष गोष्टीवर. चलनावर. देश वेगळा झाला तर दुसऱ्या दिवशी लोकांच्या खात्यात कोणते पैसे असणार?

आधी थोडं मागे जाऊ. 'ब्रिटन' आणि 'इंग्लंड' आपण एकच समजतो, ते एक नाही. युनायटेड किंगडममध्ये इंग्लंड, स्कॉटलंड, वेल्स आणि उत्तर आयर्लंड असे चार भाग येतात. स्कॉटलंडची जमीन साधारण एक तृतीयांश, पण माणसं फक्त ५५ लाखांच्या आसपास, म्हणजे दर बारा माणसांत एक.

१६०३ मध्ये इंग्लंडची राणी एलिझाबेथ निपुत्रिक वारली आणि स्कॉटलंडचा राजा जेम्स सहावा हाच इंग्लंडचा जेम्स पहिला झाला. राजा एक, देश दोन, संसदा दोन. हे असं शंभर वर्षं चाललं. मग स्कॉटलंडनं एक स्टार्टअप काढलं. थट्टा नाही करत. १६९० च्या दशकात 'कंपनी ऑफ स्कॉटलंड' निघाली, लोकांनी चार लाख पौंडांचे शेअर घेण्याचं कबूल केलं. सरदार-जमीनदारांनीच नाही, तर व्यापारी, डॉक्टर, वकील, अगदी नगरपालिकांनीही पैसे घातले. प्लॅन काय, तर पनामाच्या चिंचोळ्या पट्टीवर, डॅरियन नावाच्या ठिकाणी वसाहत करायची आणि अटलांटिक-पॅसिफिकमधला व्यापार हातात घ्यायचा. १६९८ मध्ये पाच जहाजं निघाली. तिथे पोचल्यावर ताप, उपासमार, वरून स्पॅनिश सैन्य. शेजारच्या इंग्रज वसाहतींना तर राजाकडूनच हुकूम होता की यांना मदत करायची नाही. आणि राजा कोण? दोन्ही देशांचा एकच! १७०० मध्ये गाशा गुंडाळला तोपर्यंत हजाराहून जास्त माणसं मेली होती आणि देशातल्या खेळत्या पैशाचा मोठा हिस्सा बुडाला होता.

१७०७ मध्ये दोन्ही संसदा एक झाल्या, त्या करारात इंग्लंडनं स्कॉटलंडला ३,९८,०८५ पौंड द्यायचं ठरलं. त्यातला बराचसा पैसा डॅरियनमध्ये बुडालेल्या शेअरहोल्डरांना व्याजासकट परत देण्यासाठी होता. आणि करारावर मत देणाऱ्यांत यातले काही शेअरहोल्डर स्वतः होते. एडिनबरा आणि ग्लासगोच्या रस्त्यांवर तेव्हा दंगे झाले. 'आपल्याला विकलं' ही भावना तिथे आजही ऐकू येते, ती इथून आलेली आहे.

एक गैरसमज मात्र इथेच काढून टाकू, कारण कॉमेंटमध्ये हा मुद्दा येणारच. "म्हणजे स्कॉटलंडही आपल्यासारखीच इंग्रजांची वसाहत?" नाही. १७०७ नंतर साम्राज्याचे दरवाजे स्कॉटिश लोकांना उघडले आणि ते आत घुसले ते पहिल्या रांगेत. मुंबईचा गव्हर्नर माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन हा डंबार्टनचा. विल्सन कॉलेजचे जॉन विल्सन स्कॉटिश मिशनरी. साताऱ्याचा रेसिडेंट आणि मराठ्यांचा इतिहास लिहिणारा ग्रँट डफ हा बँफ गावचा. आपण ज्यांना सरसकट 'इंग्रज' म्हणतो त्यातले कितीतरी इंग्रज नव्हतेच. स्कॉटलंड साम्राज्यात भागीदार होता. भागीदाराला बाहेर पडायचा हक्क नसतो असं मी म्हणत नाहीये, पण ती गोष्ट वेगळी आणि १९४७ ची गोष्ट वेगळी.

शिवाय विलीन होतानाही स्कॉटलंडनं आपली न्यायव्यवस्था, आपलं चर्च आणि आपल्या शाळा वेगळ्या राखल्या. त्यामुळे देश नकाशावरून गेला तरी रोजच्या व्यवहारातून गेला नाही.

आता उडी मारून विसाव्या शतकात. स्कॉटिश नॅशनल पार्टी, एसएनपी, १९३४ पासून आहे, पण कित्येक वर्षं तिला कुणी विचारत नव्हतं. १९७० मध्ये ॲबर्डीनच्या समोरच्या समुद्रात फोर्टीज नावाचं मोठं तेलक्षेत्र सापडलं आणि चित्र बदललं. ऑक्टोबर १९७४ च्या निवडणुकीत एसएनपीचे ११ खासदार आले. त्याच वर्षी गॅविन मॅक्रोन या सरकारी अर्थतज्ज्ञानं एक टिपण लिहिलं. मथितार्थ असा, की हे तेल स्वतंत्र स्कॉटलंडकडे असेल तर त्याच्या तिजोरीत पैसा मावणार नाही आणि त्याचं चलन युरोपातल्या सर्वात भक्कम चलनांपैकी एक ठरेल. हे टिपण गोपनीय ठेवलं गेलं. लोकांसमोर आलं ते २००५ मध्ये, माहितीच्या अधिकाराखाली. शेजारच्या नॉर्वेनं याच समुद्रातल्या तेलाचा पैसा साठवून जगातल्या सर्वात मोठ्या सरकारी फंडांपैकी एक उभा केला. ब्रिटननं तसा फंड केलाच नाही, पैसा चालू खर्चात गेला. स्कॉटिश माणूस यावर चिडतो तेव्हा मला ते पटतं.

१९७९ मध्ये वेगळ्या विधानसभेसाठी मतदान झालं. ५१.६ टक्के 'हो' म्हणाले, तरी ते हरले! कारण एकूण नोंदणीकृत मतदारांच्या ४० टक्के 'हो' हवेत अशी अट होती. अखेर १९९७ ला पुन्हा कौल घेतला आणि १९९९ पासून एडिनबऱ्यात स्कॉटलंडची संसद बसायला लागली. २०११ मध्ये एसएनपीला तिथे १२९ पैकी ६९ जागा मिळाल्या, पंतप्रधान कॅमेरॉन आणि फर्स्ट मिनिस्टर ॲलेक्स सॅमंड यांनी २०१२ मध्ये करार केला आणि १८ सप्टेंबर २०१४ ही तारीख ठरली.

प्रश्न एका ओळीचा होता: स्कॉटलंड हा स्वतंत्र देश असावा का? मतदानाचं वय १६. आणि मतदार कोण, तर जो स्कॉटलंडमध्ये राहतो तो. त्यामुळे लंडनला नोकरी करणाऱ्या अस्सल स्कॉटिश माणसाला मत नव्हतं, पण राष्ट्रकुलातल्या देशांचे जे नागरिक तिथे रीतसर राहत होते त्यांना होतं. म्हणजे एडिनबऱ्यात एमएस करणारी कोल्हापूरची मुलगी नोंदणी करून मत देऊ शकत होती! ८४.६ टक्के मतदान झालं. निकाल: 'नाही' ५५.३, 'हो' ४४.७.

आता मूळ मुद्द्यावर येऊ.

स्कॉटलंडमध्ये नोटा तीन व्यापारी बँका छापतात: बँक ऑफ स्कॉटलंड, रॉयल बँक ऑफ स्कॉटलंड आणि क्लाइड्सडेल बँक. नोटा दिसायला वेगळ्या, लंडनच्या दुकानात दाखवल्या तर गल्ल्यावरचा माणूस दोनदा उलटसुलट करून बघतो. वाटतं, अरे, यांचं तर स्वतःचं चलन आहे! पण नाही. प्रत्येक नोटेच्या मागे तितक्याच किमतीचा इंग्लंडचा पौंड ठेवावा लागतो. त्यासाठी बँक ऑफ इंग्लंडच्या तिजोरीत खास नोटा असतात. दहा लाख पौंडांची एक नोट, तिचं नाव 'जायंट'. आणि दहा कोटी पौंडांची एक, तिचं नाव 'टायटन'. त्या कधीच बाहेर येत नाहीत. स्कॉटलंडचं चलन म्हणजे समोर नवं ॲप, पण मागचा सर्व्हर लंडनचा, आणि ॲडमिनचा पासवर्डही लंडनकडेच.

सॅमंड यांचं म्हणणं होतं की आम्ही स्वतंत्र होऊ, पण पौंड दोघांचा राहील. पौंड आमचाही आहे, आम्ही तीनशे वर्षं त्यात भर घातलीय. भावना बरोबर. पण फेब्रुवारी २०१४ मध्ये अर्थमंत्री जॉर्ज ऑस्बर्न यांनी एडिनबऱ्यात येऊन सांगितलं की असं सामाईक चलन मिळणार नाही, आणि लेबर व लिबरल डेमोक्रॅट या पक्षांनीही तेच म्हटलं. ऑगस्टमधल्या टीव्हीवरच्या वादात अॅलिस्टर डार्लिंग यांनी सॅमंडना पुन्हा पुन्हा एकच विचारलं: नाही दिलं तर तुमचा प्लॅन बी काय? सरळ उत्तर आलंच नाही.

का नाही आलं? कारण उरलेले दोन्ही रस्ते काटेरी होते.

पहिला रस्ता, न विचारता पौंड वापरत राहायचा. हे करता येतं, कुणी अडवू शकत नाही. इक्वेडोर २००० पासून अमेरिकेचा डॉलर वापरतो. पनामाही वापरतो, होय, तोच पनामा! पण हे शेजाऱ्याचं वायफाय वापरण्यासारखं आहे. व्याजदर लंडन ठरवणार, आणि ठरवताना तुमचा विचार करायला ते बांधील नाहीत. त्याहून मोठा धोका बँका बुडायला लागल्या तर. २००८ मध्ये रॉयल बँक ऑफ स्कॉटलंड कोसळली तेव्हा तिचा ताळेबंद अख्ख्या ब्रिटनच्या जीडीपीपेक्षा मोठा होता. ब्रिटन सरकारनं त्यात सुमारे ४५ अब्ज पौंड ओतले. नोटा छापायचा अधिकार नसलेलं एकटं एडिनबरा हे कसं करणार होतं? मतदानाच्या आठवडाभर आधी तर याच बँकेनं जाहीर केलं की निकाल 'हो' लागला तर आम्ही नोंदणी इंग्लंडला हलवू.

दुसरा रस्ता, स्वतःचा नवा पौंड. इथे डंडीतल्या एका नर्सचं उदाहरण घेऊ, काल्पनिक. घराचा हप्ता महिना ८०० पौंड, कर्ज इंग्लंडच्या पौंडात घेतलेलं. देश स्वतंत्र झाला, पगार नव्या स्कॉटिश पौंडात यायला लागला. सुरुवातीला एकास एक. वर्षभरानं नवा पौंड घसरून ८० पेन्सवर आला. आता तोच ८०० चा हप्ता भरायला तिला १,००० नवे पौंड लागतील. पगार तेवढाच. कर्जं नव्या चलनात बदलून देता येतात म्हणा, पण मग तो तोटा बँकेच्या डोक्यावर जातो, म्हणजे फिरून ठेवीदारांच्या. आता कल्पना करा, तुम्ही ती नर्स आहात आणि हातात मतपत्रिका आहे.

आणि हे घडू शकतं याची भीती पोकळ नाही. चेकोस्लोव्हाकियाची फाळणी १ जानेवारी १९९३ ला अगदी सामोपचारानं झाली. काही महिने तरी चलन एकच ठेवायचं ठरलं होतं. लोकांनी काय केलं? स्लोव्हाकियातले पैसे काढून चेक बँकांमध्ये नेऊन ठेवले, कारण सगळ्यांना वाटलं स्लोव्हाक चलन पडणार. ते सामाईक चलन ८ फेब्रुवारीला संपलं. सहा आठवडेही टिकलं नाही! नव्या नोटा तयार नव्हत्या म्हणून जुन्या नोटांवर चक्क तिकिटं चिकटवून काम भागवलं.

पण दुसऱ्या बाजूचं उदाहरणही तितकंच खरं. आयर्लंड १९२२ मध्ये वेगळा झाला, १९२८ मध्ये स्वतःचं चलन आणलं आणि ते पौंडाशी एकास एक बांधून ठेवलं, थेट १९७९ पर्यंत. गडगडलं नाही काही. फक्त या सगळ्या काळात आयर्लंडचे व्याजदर लंडनकडे बघूनच ठरायचे. स्वातंत्र्य मिळतं, पण ते हप्त्याहप्त्यानं.

तेलाचं पुढे काय झालं? २०१४ चा हिशेब पिंपामागे साधारण ११० डॉलर धरून मांडला होता. स्वातंत्र्याचा दिवस ठरला होता २४ मार्च २०१६. त्या सुमारास तेल होतं ४० डॉलरच्या आसपास. निकाल 'हो' लागला असता तर नव्या देशाचं पहिलं बजेट कोणी मांडलं असतं, मला नाव घ्यायची इच्छा नाही.

दरवर्षी स्कॉटिश सरकार स्वतःच जमाखर्चाचा एक अहवाल काढतं, त्याला 'गर्स' म्हणतात. २०२३-२४ साली स्कॉटलंडची तूट जीडीपीच्या १०.४ टक्के निघाली, तर पूर्ण ब्रिटनची ४.५. तिथे माणशी सरकारी खर्चही ब्रिटनच्या सरासरीपेक्षा २,००० पौंडांहून जास्त आहे. स्वातंत्र्यवादी म्हणतात, हा आकडा आजच्या व्यवस्थेचा आहे, त्यात लंडनच्या संरक्षण खर्चाचा आणि कर्जाच्या व्याजाचा वाटा धरलाय. ग्लासगोजवळ फास्लेनला अणुपाणबुड्यांचा तळ आहे, तो आम्हाला नकोच आहे. मुद्दा बरोबर आहे. पण पाणबुड्या गेल्या तरी एवढा मोठा खड्डा भरत नाही, आणि पहिल्या काही वर्षांत कर्ज काढायचं तर सिबिल स्कोअरच नसलेल्या माणसासारखी अवस्था. व्याज जास्त लागणार.

इतकं सगळं असताना मग विषय परत का पेटला? ब्रेक्झिट.

२०१४ मध्ये 'नाही'वाल्यांचा एक मोठा मुद्दा होता की युरोपियन युनियनमध्ये राहायचं तर ब्रिटनमध्ये राहा, बाहेर पडलात तर तिकडून पण बाहेर. दोन वर्षांत, २३ जून २०१६ ला, ब्रिटननंच युरोप सोडायचा कौल दिला. स्कॉटलंडमध्ये ६२ टक्के लोक 'राहू' म्हणाले, ३२ च्या ३२ स्थानिक विभागांत. आणि तरी बाहेर काढले गेले. यापेक्षा मोठं कारण कुठल्या चळवळीला मिळणार?

पण गंमत बघा. त्याच ब्रेक्झिटनं वाट जास्त अवघड करून ठेवली. २०१४ मध्ये दोन्ही देश युरोपात असते, मधे जकातनाका लागलाच नसता. आता स्कॉटलंड युरोपात गेला आणि इंग्लंड बाहेर, तर युरोपची जकातीची सीमा येणार ग्रेटना आणि बेरिकपाशी, जिथून आज ट्रक न थांबता जातात. स्कॉटलंडचा जो माल आणि सेवा बाहेर विकली जाते, त्यातलं सुमारे ६० टक्के उरलेल्या ब्रिटनमध्ये जातं. युरोपात त्याच्या निम्मंही नाही. आणि चलन इथेही आडवं येतं. युरोपियन युनियनमध्ये नव्यानं येणाऱ्या देशाला आज ना उद्या युरो घेण्याची तयारी दाखवावी लागते, तूट आवरावी लागते. दुसऱ्याचा पौंड वापरणारा, स्वतःची खरी मध्यवर्ती बँक नसलेला देश तिथे अर्ज कसा करणार? त्यामुळे २०१८ मध्ये एसएनपीच्या समितीनं सुचवलेलं "आधी बराच काळ पौंडच वापरू" हे धोरण पुढे बदललं आणि २०२२ मध्ये सरकारनं म्हटलं की शक्य तितक्या लवकर स्वतःचा पौंड आणू. म्हणजे आपली ती डंडीची नर्स परत दारात उभी.

कायद्याची बाजू थोडक्यात. दुसरं मतदान स्वतःच्या अधिकारात घेता येईल का, हे स्कॉटिश सरकारनं सर्वोच्च न्यायालयाला विचारलं. २३ नोव्हेंबर २०२२ ला पाचही न्यायाधीशांनी एकमतानं सांगितलं: नाही, लंडनच्या संसदेनं परवानगी दिली तरच. त्याआधी २०२१ मध्ये एडिनबऱ्याच्या संसदेत एसएनपी आणि ग्रीन मिळून १२९ पैकी ७२ जागा होत्या, तरी लंडननं ती दिली नव्हती. २०२४ च्या ब्रिटिश निवडणुकीत तर एसएनपी ९ खासदारांवर आली, त्यामुळे दबावही ओसरला. गोंधळाची गोष्ट अशी की उत्तर आयर्लंडसाठी १९९८ च्या करारात लिहिलेलं आहे: बहुमत बाहेर पडायच्या बाजूचं दिसलं तर मंत्र्यानं कौल घ्यायचा. युरोपियन युनियनमधून निघायलाही कलम ५० होतं. स्कॉटलंडसाठी असं काहीच कुठे लिहिलेलं नाही. किती बहुमत दिसलं, किती वर्षं दिसलं की परवानगी मिळेल, हे विचारलं तर लंडनमध्ये कोणी आकडा सांगत नाही. पैशाच्या मुद्द्यावर मी 'नाही'वाल्यांच्या जवळ असलो, तरी इथे मला लंडनची बाजू अजिबात पटत नाही.

जनमत चाचण्यांत आकडे बहुतेक वेळा निम्म्याच्या अलीकडे-पलीकडे असतात, आणि तरुणांत 'हो'चं प्रमाण जास्त असतं. २०१४ ला जे सोळाव्या वर्षी पहिलं मत देऊन आले, ते आता जवळजवळ माझ्या वयाचे झालेत. त्यांच्यातल्या अनेकांनी आता घरं घेतली असतील, आणि कर्ज पौंडात आहे. मोठेपणी ते मत बदलतात की जुनंच धरून ठेवतात, हे त्यांच्यातल्या कोणाशी बोलायला मिळालं तर मला खरंच विचारायचंय. तुमच्यापैकी कोणी एडिनबरा, ग्लासगोला राहत असाल तर कॉमेंटमध्ये लिहा, पुढच्या भागात वाचून दाखवतो.